‘हा काय परत येतोय?’

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जेमतेम चारशे मीटरवरच्या हॉटेलात जायला टॅक्सीचे किती पैसे लागावेत? मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. रात्रीचा आकार, सामानाचे पैसे, टीप असं सगळं धरलं तरी आकडा फार वर जात नाही. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका महिलेनं याच अंतरासाठी १८ हजार रुपये मोजले. टॅक्सीवाल्यानं आधी तिला इकडून तिकडून फिरवलं आणि शेवटी त्या जवळच्याच हॉटेलसमोर आणून सोडलं. नंतर तिनं गाडीच्या नंबरसकट ‘एक्स’वर पोस्ट टाकली, ती देशभर फिरली आणि पोलिसांनी चालकाला शोधून अटक केली.

अशी बातमी आली की प्रतिक्रिया दोन प्रकारच्या येतात. एक, ‘देशाचं नाव घालवलं राव यांनी.’ आणि दुसरी, ‘मॅप बघता येत नव्हता का? इतकं काय बावळट असायचं!’ पहिली प्रतिक्रिया खरी आहे, पण ती दोन दिवसांत विरून जाते. दुसरी मात्र घातक आहे. कारण उद्या आपल्यालाच कोणी दिल्लीत, गोव्यात किंवा बँकॉकमध्ये टोपी घातली, की हेच वाक्य आठवून आपण गप्प बसतो. घरी सांगत नाही, ग्रुपवर टाकत नाही, पोलिसांत तर अजिबात जात नाही. आणि या गप्प बसण्यावरच फसवणाऱ्याचा अख्खा धंदा उभा असतो.

परीक्षा संपल्या की तुमच्यापैकी अनेकजण निघणार. कोणी इंडस्ट्रियल व्हिजिटला, कोणी मित्रांसोबत गोव्याला, कोणी आईबाबांना घेऊन केदारनाथला. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांसाठी व्हिसा माफ केल्यापासून हिंगणा रोडवरच्या कट्ट्यांवर बँकॉकचे प्लॅनही निघायला लागलेत. म्हणून एकदा हे गणित समजून घेऊ. ‘सावध राहा’ हे सांगायला घरचे आहेतच. आपण बघू की ही फसवणूक मुळात चालते कशी.

परत न येणारं गिऱ्हाईक

तुमच्या कॉलेजसमोरच्या टपरीवाल्याचा विचार करा. तो तुम्हाला दहाचा चहा पन्नासला विकत नाही. काऊन? तो फार सज्जन आहे म्हणून? असेलही. पण त्याहून साधं कारण म्हणजे उद्या सकाळी तुम्ही पुन्हा तिथेच येणार आहात. एकदा फसवलं तर तुम्ही जाल, सोबत वर्गातले पंधरा जण जातील आणि शेजारच्या टपरीचं भलं होईल. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदारावर असलेला लगाम.

पर्यटक याच्या बरोबर उलटा. त्याला तीन गोष्टींची कमतरता असते. पहिली, भावाची माहिती. इथे ऑटोला किती पडतात, हॉटेल किती लांब आहे, हे त्याला ठाऊक नसतं. दुसरी, वेळ. त्याच्याकडे दोन दिवस असतात आणि बघायच्या जागा बारा. भांडण करून अर्धा दिवस घालवण्यापेक्षा पाचशे रुपये गेलेले परवडले, असा हिशेब तो स्वतःच करतो. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तो परत येणार नसतो. ना गिऱ्हाईक म्हणून, ना तक्रारदार म्हणून, ना साक्षीदार म्हणून. परवा रात्री त्याची ट्रेन आहे, हे त्याच्या बॅगेकडे बघूनच कळतं.

‘हा काय परत येतोय?’ फसवणाऱ्याचं खरं भांडवल हे एवढंच वाक्य असतं. तुमची हुशारी किती, डिग्री कोणती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डॉक्टर फसतात, वकील फसतात, आणि पोलिसही सुट्टीवर असताना फसत असतील. आपल्या गावात आपण हुशार असतो, कारण तिथे आपल्याला भाव ठाऊक असतात आणि माणसं ओळखीची असतात. गाव बदललं की ती हुशारी आपल्यासोबत ट्रेनमध्ये चढत नाही.

शहर वेगळं, डाव तोच

आशियातल्या गर्दीच्या शहरांमधले हे डाव शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर ते एकाच घरातली भावंडं वाटतात.

बँकॉकचा जुना डाव घ्या. तुम्ही ग्रँड पॅलेसकडे चालत जाताय. एक नीटनेटका, इंग्रजी बोलणारा माणूस हसून म्हणतो, ‘आज पॅलेस बंद आहे, काहीतरी समारंभ आहे. पण काळजी नको, मी तुम्हाला दुसरं मंदिर दाखवतो.’ मग टुकटुक येते, फक्त वीस बाथमध्ये शहर फिरवते. मंदिर दाखवून झालं की टुकटुक एका शिंप्याच्या दुकानासमोर थांबते, मग एका रत्नांच्या दुकानासमोर. ‘आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस आहे, हे खडे तुमच्या देशात दुप्पट भावानं विकले जातील,’ असं तिथे सांगतात. घरी आल्यावर कळतं की खड्यांची किंमत दिलेल्या पैशांच्या जवळपासही नाही. आणि पॅलेस? तो बहुतेक दिवस सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडाच असतो.

आता नवी दिल्ली स्टेशन. पहाडगंजच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर परदेशी पर्यटकांसाठी रेल्वेचं तिकीट कार्यालय आहे. वर जाणाऱ्याला खालीच गाठून सांगतात, ‘ते ऑफिस बंद झालं, आग लागली होती, आता कॅनॉट प्लेसला हलवलंय.’ रिक्षा त्याला ‘सरकारी टूरिस्ट ऑफिस’ अशी पाटी लावलेल्या खासगी दुकानात नेते. तिथे गाड्या ‘फुल’ असतात आणि मग कारसकट महागडं पॅकेज गळ्यात पडतं. पाटीवर ‘सरकारी’ असतं, भिंतीवर ताजमहाल असतो, आणि आत सरकार सोडून सगळे असतात.

शांघाय आणि बीजिंगमध्ये तरुण मुलंमुली भेटतात. ‘आम्ही विद्यार्थी आहोत, इंग्रजीचा सराव करायचाय, चला चहा पिऊ.’ चहा होतो, गप्पा होतात आणि बिल हजारोंच्या घरात येतं. हे वाचून ओळखीचं वाटलं ना? गेल्या काही वर्षांत दिल्ली-मुंबईत डेटिंग अ‍ॅपवरून भेटायला बोलावून ठरावीक कॅफेत नेण्याचे आणि तिथे अवाच्या सवा बिल फाडण्याचे प्रकार पोलिसांनी उघडकीला आणले. मूळ तेच, फक्त चहाच्या जागी कॉकटेल आलं.

आणि फार लांब कशाला जायचं? शिर्डीला गेलेल्यांना ‘पॉलिशवाले’ हा शब्द सांगावा लागत नाही. गाडी गावात शिरली की काही जण मागे लागतात, ‘लवकर दर्शन करून देतो’ म्हणतात आणि ठरावीक दुकानात नेऊन हार-प्रसादाचं ताट कितीतरी पट भावानं माथी मारतात. साईबाबांचं साधं दर्शन फुकट आहे, ही माहिती त्या गडबडीत कोणी देत नाही. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर हेच काम करणाऱ्यांना ‘लटकू’ म्हणतात. दुचाकीवरून पाठलाग करत ते गाड्यांना अक्षरशः लटकतात. ज्या गावाच्या घरांना दारं नाहीत म्हणून जग ते बघायला येतं, त्याच गावाच्या वेशीवर हे चालतं.

या सगळ्या डावांत तीन पात्रं सारखीच दिसतील. रस्त्यात भेटणारा गोड माणूस, तुम्हाला घेऊन जाणारं वाहन आणि शेवटी येणारं दुकान. पैसे दुकानात जातात आणि तिथून कमिशन म्हणून उलटे वाटले जातात. म्हणजे तुम्हाला भेटलेला तो माणूस एकटा ठग नसतो, तो साखळीचा पहिला दुवा असतो. त्यानं तुमच्याकडून एक रुपयाही घेतलेला नसतो. म्हणून तर तो इतका निःस्वार्थी वाटतो! आणि म्हणूनच, वीस बाथमध्ये शहर फिरवणारी टुकटुक दिसली की आधी एकच प्रश्न विचारायचा, याचं पेट्रोल कोण भरतंय?

महाग म्हणजे फसवणूक नव्हे

इथे एक फरक नीट करायला हवा, नाहीतर आपण प्रत्येक रिक्षावाल्यावर संशय घेत फिरू. समुद्रकिनाऱ्यावरचं शहाळं शंभर रुपयांना मिळालं, तर ते महाग आहे. भाव आधी सांगितला, तुम्ही ऐकला आणि घेतलं. तो सौदा झाला. परदेशी माणसाला जास्त भाव सांगणं वाईट दिसतं, पण घासाघीस करायला जागा असते.

फसवणुकीत खोटं असतं. जवळचं हॉटेल लांब आहे असं सांगणं, उघडी जागा बंद आहे म्हणणं, खासगी दुकानाला सरकारी म्हणणं, मेन्यूत नसलेली रक्कम बिलात लावणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे आणि त्याचा गाभाही हाच. खोटं सांगून तुमच्याकडून पैसे किंवा वस्तू काढून घेणं. त्यामुळे नंतर स्वतःला ‘मी जास्त पैसे दिले का?’ हे विचारण्यापेक्षा ‘मला काय खोटं सांगितलं?’ हे विचारा. उत्तर सापडलं तर तुमच्याकडे तक्रार आहे. नाही सापडलं तर तुमच्याकडे पुढच्या वेळेसाठी अनुभव आहे.

हॉटेलच्या बिलाचंही असंच. जबरदस्तीचा सर्व्हिस चार्ज अनेकजण निमूट भरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच तो सक्तीचा नसल्याचं सांगितलं होतं, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. नम्रपणे ‘हा काढा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

गाडीत बसण्याआधीच

पूर्वी ठगाला तुम्ही त्याच्या शहरात येईपर्यंत वाट बघावी लागायची. आता तो तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत येतो, मोबाइलमधून. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं खास पर्यटक आणि यात्रेकरूंसाठी इशारा काढला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर बुकिंग, चारधामची गेस्ट हाऊस, ऑनलाइन कॅब, हॉलिडे पॅकेज अशा नावांनी बनावट वेबसाइट, सोशल मीडियावरची पेजेस आणि सर्च इंजिनवरच्या पैसे देऊन लावलेल्या जाहिराती सुरू असल्याचं त्यात म्हटलं होतं. पैसे गेले की पावती येत नाही, फोन लागत नाही. त्याच वर्षीच्या प्रयागराज महाकुंभातही तंबू आणि कॉटेजच्या बनावट वेबसाइटनी लोकांना गंडा घातला. शनिशिंगणापूरच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे गोळा केल्याचं प्रकरण २०२५ मध्ये विधानसभेपर्यंत गेलं.

इथेही गणित तेच आहे. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी लिंक म्हणजे स्टेशनबाहेर सगळ्यात आधी भेटणारा माणूस. तो तुमचं भलं करायला पुढे आलेला नसतो, पुढे उभं राहायचे त्यानं पैसे मोजलेले असतात. केदारनाथच्या हेलिकॉप्टरसाठी आयआरसीटीसीचं हेलियात्रा पोर्टल हाच अधिकृत मार्ग आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता शेवटी कसा संपतो, हे बघायला दहा सेकंद लागतात.

आणि ‘अधिकृत’ या शब्दावरही आंधळा विश्वास नको. आपल्या शेजारच्या ताडोबाचंच उदाहरण बघा. सफारीच्या ऑनलाइन बुकिंगचं काम सांभाळणाऱ्या खासगी एजन्सीवर १२ कोटी १५ लाख रुपयांच्या फसवणुकीचा गुन्हा २०२३ मध्ये चंद्रपुरात दाखल झाला. आरोप पर्यटकांना नाही, तर व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानला फसवल्याचा होता. पण तुम्ही ‘बुक’ बटण दाबता तिथपासून जंगलाच्या गेटपर्यंत मध्ये किती हात असतात, हे त्यातून दिसलं. म्हणून पैसे भरताना ते कोणाच्या नावावर जातायत, हे नाव वाचायची सवय लावा. देवस्थानाची खोली बुक करताना यूपीआयवर एखाद्या अनोळखी व्यक्तीचं नाव आलं, तर तिथेच थांबायचं.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. आपल्या राज्यातली ही सगळ्यात मोठी गर्दी. तंबू, रूम, ‘व्हीआयपी स्नान पॅकेज’ या नावाखाली काय काय येऊ शकतं, याचा अंदाज प्रयागराजनं आधीच दिलाय. घरी आजी-आजोबा जाणार असतील, तर बुकिंग तुम्ही तपासा.

टूरिस्ट व्हिसावरचा सगळ्यात मोठा डाव

आतापर्यंत गेलेले पैसे होते. आता जे सांगतोय त्यात माणूस जातो, आणि तो नेमका तुमच्या वयाचा असतो.

सोशल मीडियावर जाहिरात येते. थायलंडमध्ये डेटा एंट्री किंवा कस्टमर सपोर्टची नोकरी, चांगला पगार, राहणं-खाणं फुकट, तिकीटसुद्धा कंपनीकडून. मुलगा पर्यटक म्हणून बँकॉकला उतरतो. विमानतळावर त्याच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा असतो. गाडी बँकॉक सोडून पश्चिमेकडे निघते, थायलंडच्या मे सोत या सीमेवरच्या गावी पोहोचते आणि तिथून मोई नदी पार करून म्यानमारच्या म्यावाडी भागात. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि कुंपणाच्या आत बसवून जगभरातल्या लोकांना ऑनलाइन फसवायला लावतात. नकार दिला तर मारहाण. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी दोन फेऱ्यांत अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरनं साठहून अधिक जणांची सुटका केल्याचं जाहीर केलं आणि भरती करणाऱ्या एजंटांना अटक केली.

आता याला टुकटुकच्या डावाशेजारी ठेवा. गोड बोलणारा एजंट, फुकट प्रवास आणि शेवटी ‘दुकान’. तीच साखळी, तेच कमिशन. फरक एवढाच की इथे विकला जाणारा माल तुम्ही असता. परदेशात गेलेला माणूस घरी लाजेनं काही सांगणार नाही, हा हिशेबही तोच.

प्लेसमेंटच्या काळजीत असलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी दोन गोष्टी पाठ कराव्यात. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर परदेशात नोकरी करता येत नाही, कोणी काहीही सांगो. आणि परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. नाव तिथे शोधा. नसेल तर विषय संपला. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं.

परत न जाता तक्रार

मग उपाय काय? ‘पर्यटक परत येत नाही’ हे जर फसवणाऱ्याचं भांडवल असेल, तर ते मोडायचा मार्गही तिथेच आहे. आणि बऱ्याच जणांना माहीत नाही, पण कायद्यानं तो मार्ग आता मोकळा केलाय.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. म्हणजे दिल्लीत फसवणूक झाली आणि तुम्ही ट्रेन पकडून घरी आलात, तरी हिंगणा पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ते नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवतात. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य ऐकायला मिळालं, तर कलमाचा नंबर शांतपणे सांगा.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक फार मोठा बदल झाला. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गोव्याच्या हॉटेलवर किंवा दिल्लीच्या ट्रॅव्हल एजन्सीवर नागपुरात बसून दावा. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. आता तारखेला लांबून यायची पाळी समोरच्यावर.

अर्थात, सगळं इतकं सरळ नाही. रस्त्यावरच्या माणसाचं ना नाव माहीत असतं ना पत्ता, आणि आठशे रुपयांसाठी कोणी आयोगात जात नाही. म्हणून पुरावा तिथल्या तिथे गोळा करावा लागतो. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो. दुकानाच्या पाटीचा फोटो. बिल. आणि शक्य तिथे यूपीआय. रोख रकमेला माग नसतो, यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो आणि समोर एक बँक खातं असतं. ‘फक्त कॅश’ म्हणणाऱ्याकडे जरा लक्ष द्या, त्यालाही हे ठाऊक असतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर मिनिटं मोजा. १९३० वर जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि आठशे रुपयांच्या तक्रारीचा उपयोग काय? तुमचे आठशे परत मिळतील याची हमी नाही. पण मुंबईतल्या त्या प्रकरणात काय झालं ते आठवा. प्रवास संपला होता, पैसे गेले होते. तरी गाडीचा नंबर आणि एक तक्रार एवढ्यावर चालक सापडला. ‘हा काय परत येतोय’ हे गणित त्या दिवशी चुकलं. ते वारंवार चुकायला लागलं तरच धंदा बसेल.

सगळा भार पर्यटकावरच का?

तरीही, सगळं तुमच्या सावधपणावर सोडून देणं बरोबर नाही. सुट्टीला गेलेल्या माणसानं गुप्तहेरासारखं वागावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. भाव माहीत नसणं ही पर्यटकाची अडचण असेल, तर भाव उघड करणं हे प्रशासनाचं काम आहे.

ते जमतं, याची उदाहरणं आहेत. बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसच्या परिसरातच सूचना दिल्या जातात, की पॅलेस उघडा आहे, बाहेरच्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा स्वतंत्र नंबर आहे. डाव तिथे अजून संपलेला नाही, पण निदान पर्यटकाच्या कानावर खरी माहिती पडते. गोव्यानं २०२५ मध्ये पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा कायदा दुरुस्त करून पर्यटकांच्या मागे लागणाऱ्या दलालांसकट उपद्रव करणाऱ्यांचा दंड किमान पाच हजार ते कमाल एक लाखापर्यंत नेला. पण कायदा कागदावर कडक असतो, किनाऱ्यावर तो किती कडक आहे ते वसुलीच्या पावत्या सांगतील. आणि तिथला टॅक्सीचा प्रश्न, म्हणजे मीटर आणि अ‍ॅप यांवरून चाललेली ओढाताण, दंडानं सुटणारा नाही.

महाराष्ट्रानंही २०२५ मध्ये महाबळेश्वरला पर्यटन सुरक्षा दलाचा प्रयोग सुरू केला. असा जवान लेण्यांजवळ, मंदिराबाहेर, स्टेशनवर दिसला तर पर्यटकाला ‘विचारायचं कोणाला?’ या प्रश्नाचं उत्तर मिळेल. कारण आज ते उत्तर दलाल देतो. रिकामी जागा राहिली की ती तो भरतो.

आपण कोणाच्या शहरात राहतो?

शेवटचा मुद्दा थोडा टोचणारा आहे. आतापर्यंत आपण स्वतःला पर्यटकाच्या जागी ठेवलं. पण जगासाठी आपणही एक गर्दीचं आशियाई शहरच आहोत. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात, त्यात जपान, थायलंड, श्रीलंकेचे पाहुणेही असतात. ताडोबा आणि पेंचला जाणारे देशभरातले लोक नागपुरात उतरतात. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे जून-जुलैमध्ये बाहेरगावची, परराज्यातली मुलं पेटी आणि गादी घेऊन हिंगणा रोडच्या कॉलेजांमध्ये पहिल्यांदा येतात. त्यांना भाव ठाऊक नसतात. स्टेशनवर उतरून ‘कितना लगेगा भैया?’ विचारलं की समोरचा आधी त्यांच्या सामानाकडे बघतो.

२८ जानेवारी २०२० ला सीताबर्डी ते लोकमान्य नगर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून या मार्गावर एक गोष्ट बदलली. तिकिटाचा भाव भिंतीवर लिहिलेला असतो आणि तो गडचिरोलीच्या मुलाला जेवढा, तेवढाच पाटण्याच्या मुलालाही. ऑटोचं मीटर, मेसचे दर, रूमच्या डिपॉझिटची पावती यांच्याबाबत असं कधी म्हणता येईल? हे बघायला मोठं आंदोलन लागत नाही. तुमच्या कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेनं प्रवेशाच्या दिवसांत गेटवर एक फलक लावला तरी पुरे. स्टेशनपासून इथपर्यंत साधारण किती पडतात, मेट्रो कुठली, रूम घेताना पावती का मागायची. एका पाटीवर मावेल एवढंच.

कारण ती मुलं पुढची चार वर्षं इथेच राहणार आहेत. त्यांच्या मनात या शहराबद्दल पहिलं मत कोण बनवणार, ऑटोवाला की तुम्ही, एवढंच ठरवायचंय.

मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा

* ११२ : कुठलीही तातडीची मदत, पोलीस.
* १९३० : ऑनलाइन पैसे गेले तर, लगेच.
* १३६३ : केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची हेल्पलाइन, चोवीस तास, बारा भाषांत.
* १९१५ : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.
* ११५५ : थायलंडचे पर्यटक पोलीस.
* ‘मदद’ पोर्टल : परदेशात अडकल्यास भारतीय दूतावासाकडे तक्रार.

आणि निघण्याआधी घरच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, ‘फसलो तर तुला फोन करीन.’ ऐकणाऱ्यानं फक्त एक अट पाळायची. फोन आल्यावर पहिलं वाक्य ‘अक्कल कुठे गेली होती?’ हे नको. ‘गाडीचा नंबर घेतला का?’ हे विचारा.